रानओढ्याची फेरी

पाण्याचा प्रश्न निघाला म्हणजे प्रथम विहिरीचा विचार होतो, त्यानंतर बंधाऱ्याचा. ज्या ओढ्यावर बंधारा बांधावयाचा तो ओढा येतो कोठून, याची चौकशी मात्र क्वचितच होते. ग्रामसभेत ठराव होतो, रस्त्यालगत सोयीची जागा पाहिली जाते, मोजमाप घेतले जाते आणि काम उभे राहते. पुढे दोन पावसाळे गेल्यावर बंधारा गाळाने भरतो, किंवा पाणी बगलेचा काठ कापून निघून जाते, किंवा बंधारा सुस्थितीत राहतो परंतु पौषातच कोरडा पडतो. दोष बांधकामास दिला जातो. वास्तविक पाहता पुष्कळ ठिकाणी दोष एवढाच असतो की, तो ओढा कोणी मुळापर्यंत चालून पाहिलेला नसतो. आणि पाहिला असल्यास एकदाच, तोही बहुधा उन्हाळ्यात पाहिलेला असतो.

ओढा वर्षभर एकसारखा राहत नाही. वैशाखात ज्या पात्रातून गुरे बसत उठत जातात, त्याच पात्रात श्रावणात माणसास पाऊल ठेवता येत नाही. कार्तिकात जेथे निवळशंख पाणी खळखळत असते तेथे फाल्गुनात नुसते शेवाळ वाळलेले दिसते. यास्तव गावाच्या ओढ्याची फेरी वर्षातून चार वेळा, त्याच वाटेने व शक्य तर त्याच माणसांनी करावी. ती कशी करावी व प्रत्येक वेळी काय पाहावे, याचा विचार येथे सह्याद्रीच्या माथ्यालगतच्या पट्ट्यापुरता केला आहे. पुणे जिल्ह्यात भीमाशंकरपासून नाणेघाटापर्यंत पसरलेला हा पट्टा होय. घोड, मीना व कुकडी या नद्या याच रानांत उगम पावतात आणि डिंभे, वडज, माणिकडोह ही धरणे यांच्याच पाण्यावर भरतात. पश्चिमेस भात, नाचणी व वरई पिकते. पूर्वेस मंचरच्या बाजूस गेले की बाजरी, कांदा व बटाटा दिसू लागतो. ज्या डोंगरावर सर्वांत अधिक पाऊस पडतो त्याच डोंगरातील अनेक वाड्यांना फाल्गुन-चैत्रात हंड्यासाठी पायपीट करावी लागते, ही या भागाची जुनी अडचण आहे.

याचे कारण पुष्कळसे खडकात आहे. सह्याद्री हा लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला डोंगर आहे. काही थर घट्ट काळ्या पाषाणाचे असून त्यांत पाणी फारसे शिरत नाही. काही थर भेगाळलेले किंवा विहीर खोदणारे ज्यास मांजऱ्या म्हणतात तशा सच्छिद्र खडकाचे असतात. त्यांत पाणी साठते. दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे तांबड्या चिकणमातीचा पट्टा असतो. वरून झिरपणारे पाणी या पट्ट्यावर अडते व आडवे सरकत डोंगराच्या उतारावर बाहेर येते. तोच झरा. एकाच उंचीवर दोन-तीन झरे ओळीने आढळले तर ते एकाच थराचे पाणी आहे असे समजावयास हरकत नाही. असे झरे ओळखणे हे फेरीचे पहिले काम आहे, कारण पाऊस थांबल्यावर ओढ्यास जे पाणी राहते ते सर्व या झऱ्यांचे असते.

वाट कशी धरावी

फेरी म्हणजे गेल्या वाटेने परत येणे नव्हे. एका काठाने वर जावे, उगमाशी पोहोचल्यावर पाणलोटाच्या धारेवरून वळावे व दुसऱ्या काठाने उतरावे. यात थोडे श्रम अधिक पडतात, परंतु त्यास सबळ कारण आहे. या भागातील ओढे बहुतांशी पूर्वेकडे वाहतात. त्यामुळे त्यांच्या उत्तरेकडील उताराचे तोंड दक्षिणेस येते व त्यावर दिवसभर ऊन लागते. दक्षिणेकडील उताराचे तोंड उत्तरेस असते व तो सावलीत राहतो. एका अंगास गवत व खुरटी झुडपे, तर समोरच्या अंगास दाट झाडी, पातेऱ्याचा जाड थर व पायाखाली ओलावा, असा फरक अवघ्या शंभर-दोनशे पावलांत दिसतो. एकाच काठाने गेलेला माणूस अर्धा ओढा पाहून येतो.

गाव नकाशावर वाट पेन्सिलीने आखून घ्यावी. ओढा कोणत्या गटांतून जातो, कोठून वनखात्याची हद्द सुरू होते, हे आधीच माहीत असावे. या पट्ट्यातील काही रान १९८५ साली घोषित झालेल्या भीमाशंकर अभयारण्यात मोडते. तेथे जाण्यापूर्वी वनरक्षकास कळवून परवानगी घ्यावी, आणि जमल्यास त्यासच बरोबर घ्यावे. वाटेवर पाच-सहा खुणेच्या जागा ठरवाव्यात : एखादा मोठा धोंडा, उंबर, दोन ओहळांचा संगम, साकव. प्रत्येक फेरीत त्याच जागी उभे राहून, त्याच दिशेस तोंड करून, मोबाइलवर एक छायाचित्र घ्यावे. चार फेऱ्यांची छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवली असता जे दिसते ते ग्रामसभेत तासभर बोलूनही पटविता येत नाही.

बरोबर कोण असावे, हाही महत्त्वाचा प्रश्न आहे. गुरे वळण्यात आयुष्य गेलेला एखादा वृद्ध असावा. ओढ्याकाठी खाचर असलेला शेतकरी असावा. शाळेतील एक-दोन मोठी मुले असावीत. वही त्यांच्याच हाती द्यावी. आणि पाणी भरणाऱ्या स्त्रियांपैकी किमान दोघी असाव्यातच. अशा फेऱ्यांना स्त्रियांना बहुधा बोलावले जात नाही. कोणता झिरा कोणत्या महिन्यात किती वेळाने भरतो हे पुरुषांना अंदाजाने ठाऊक असते. रोज हंडा घेऊन तेथे बसणाऱ्या बाईस ते नक्की ठाऊक असते.

वैशाखातील फेरी

पहिली फेरी वळवाच्या पावसापूर्वी, मे महिन्याच्या मध्यास करावी. पहाटे निघून ऊन तापण्यापूर्वी परतावे. कड्याखाली आग्या मोहोळ असल्यास तेथे धूर, विडी व आरडाओरड टाळावी.

या वेळी पात्र उघडे असते. पाणी नसल्यामुळे पाण्याने काय काय केले आहे ते स्पष्ट दिसते. झाडांच्या फांद्यांत अडकलेला काडीकचरा हा पुराची उंची सांगतो. ती उंची काठीने मोजून वहीत लिहावी. बंधाऱ्याचा सांडवा किती रुंद ठेवावयाचा हे पुढे यावरूनच ठरते. पात्रातील मोठ्या धोंडी कोठवर वाहत आल्या आहेत हेही पाहावे. डोक्याएवढाले दगड जेथे नुकतेच लोळत आलेले दिसतात तेथे गोण्यांचा बंधारा टिकण्याची आशा धरू नये. काठ कोठे ढासळला आहे, ढासळलेली माती कोणत्या शेताची आहे, याची नोंद करताना त्या शेताचा धनी बरोबर असल्यास उत्तम.

ओल कोठे आहे, हे झाडे सांगतात. वाळुंज, करंज, जांभूळ व उंबर यांची हिरवी रांग वैशाखातही तकाकत असेल तर तेथे पात्राखाली पाणी आहे असे समजावे. अशा ठिकाणी उभे राहून बरोबरच्या वृद्धास, "बाबा, हा झिरा कुठवर टिकतो?" असे विचारले असता, "शिमग्यापर्यंत," किंवा "अक्षय तृतीयेला बी वाटीनं पाणी काढलंय," असे उत्तर मिळते. ते त्याच शब्दांत लिहून ठेवावे. तसेच, पूर्वी टिकत होता व आता टिकत नाही असे तो म्हणाला, तर वरच्या उतारावर मधल्या काळात काय बदल झाला हेही लगेच विचारावे. बहुधा उत्तर झाडतोडीचे, वणव्याचे किंवा नव्या रस्त्याचे असते.

राबाविषयी येथे थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे. भाताच्या रोपवाटिकेसाठी ऐन व इतर झाडांच्या फांद्या तोडून, त्यांवर पातेरा व शेण पसरून जाळण्याची पद्धत या भागात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तण मरते व रोपे जोमदार येतात, हे शेतकऱ्याचे म्हणणे खोटे नाही. परंतु त्यासाठी ओढ्याच्या उगमाभोवतीची झाडे दरवर्षी खरवडली गेली म्हणजे उतार उघडा पडतो, पहिल्याच सरींत माती धुऊन खाली येते व झऱ्याच्या तोंडाशी पाणी मुरणे कमी होते. गादीवाफ्यावर रोपे तयार करून राब टाळता येतो, आणि बांधावर गिरिपुष्प लावल्यास त्याचा पाला खाचरात गाडावयास मिळतो. चारसूत्री पद्धतीत या पाल्याचा उपयोग सांगितलाच आहे. ज्यांना राब एकदम सोडणे जमत नाही त्यांनी निदान ओढ्याच्या दोन्ही काठांवरील व झऱ्याच्या वरच्या अंगाची झाडे तोडू नयेत. एवढी गोष्ट फेरीच्या वेळी जागेवर उभे राहून ठरली तर पुष्कळ झाले.

मे अखेरीस अंधार पडता पडता परतणाऱ्यांना या रानांत झाडेच्या झाडे काजव्यांनी लखलखताना दिसतात. पाऊस जवळ आल्याची ती खूण गावकरी मानतात.

आषाढ-श्रावणातील फेरी

ही फेरी पूर्ण करावयाची नसते, हे प्रथमच सांगितले पाहिजे. धारेवर जावयाचे नाही, पात्र ओलांडावयाचे नाही, आणि हवामान खात्याने नारिंगी किंवा लाल इशारा दिला असेल त्या दिवशी घराबाहेरच पडावयाचे नाही. पावसाची उघडीप पाहून, उंचावरील सुरक्षित काठाने, अर्ध्या वाटेपर्यंत जावे व त्याच वाटेने परतावे.

पुराचा हिशेब शेतकऱ्याने एकदा अंकांत मांडून पाहावा. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडले. लहानशा ओढ्याचा पाणलोट १०० हेक्टरांचा धरला व घाटमाथ्यावर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला (ही तेथे अपूर्वाई नव्हे) तर दहा कोटी लिटर पाणी झाले. त्यातील निम्मे जरी तीन तासांत ओढ्यास आले तरी सेकंदास सुमारे ४,६०० लिटर पाणी वाहू लागते. माघात याच ओढ्यात सेकंदास एक लिटर पाणी भरले तर गाव समाधान मानते.

शिवाय पाऊस माथ्यावर पडतो व पूर खाली येतो. खाली ऊन असताना, नुसत्या वरच्या धुक्यात पाऊस कोसळत असताना, लोंढा अचानक येऊन माणसे व गुरे वाहून गेल्याचे प्रकार घडतात. निवळ पाणी एकाएकी गढूळ होणे, पाण्यावर पाला व काटक्या वाहत येणे, वरच्या अंगाने घरघर ऐकू येणे, ही लोंढ्याची पूर्वचिन्हे आहेत. यांतील एकही दिसले तर पात्रातून त्याच क्षणी बाहेर पडून उंच काठावर जावे; गुरे, चपला, जाळे यांकडे पाहू नये. वेगाने वाहणारे गुडघाभर पाणी धडधाकट माणसास पाडते. वैशाखात निवडलेल्या खुणेच्या धोंड्यावर रंगाचा पट्टा ओढून ठेवावा, आणि पट्टा पाण्याखाली गेला की साकवावरून अथवा फरशीवरून कोणीही जावयाचे नाही, शाळेची मुले तर नाहीतच, असा गावाचा नियम करावा. मुलांची शाळा एक दिवस बुडालेली चालते.

उतारांकडे पाहणे हे या फेरीचे दुसरे, आणि अधिक गंभीर, काम आहे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण या गावावर मुसळधार पावसाने भिजलेला डोंगर खचून आला व दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. नेहमीप्रमाणे आलेल्या एस. टी.च्या चालकास गाव जागेवर दिसले नाही, तेव्हा बाहेर वार्ता गेली. त्यानंतर २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे व १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडी येथे तशाच दुर्घटना घडल्या. तिन्ही घटना जुलै महिन्यातील, तिन्ही उताराच्या पायथ्याच्या वस्तीवरील आहेत.

दरड नेहमीच सूचना देऊन येते असे नाही, परंतु पुष्कळदा उतार आधी काही खुणा दाखवितो. जमिनीस नवीन, उताराला आडवी जाणारी भेग पडते. सरळ उभी झाडे किंवा विजेचे खांब कलतात. जेथे कधी पाणी नव्हते तेथे नवा झरा फुटतो, अथवा जुना झरा अचानक मातकट वाहू लागतो. घराच्या भिंतीस तडे जातात, दारे चौकटीत अडकू लागतात. सर्वांत भयंकर चिन्ह असे की, पाऊस कोसळत असतानाही ओढ्याचे पाणी एकाएकी कमी होते. याचा अर्थ वर कोठेतरी दरड पडून ओढा तुंबला आहे व तो फुटणार आहे. अशी खूण दिसल्यास तहसील कचेरीस व ११२ या क्रमांकावर कळवावे, परंतु उत्तराची वाट पाहत वाडीत बसून राहू नये. माणसे आधी हलवावीत. भेग खोटी निघाली तर एका रात्रीची गैरसोय होईल.

याच दिवसांत पहिल्या पुराबरोबर मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात. त्यांस चढणीचे मासे म्हणतात. ते अंडी घालण्यासाठी चढत असतात. सगळे पात्र जाळ्याने अडवून ते पकडले तर पुढील वर्षी ओढ्यात मासा राहत नाही.

पाऊस मोजण्याची सोय आता महसूल मंडळातील स्वयंचलित केंद्रांमुळे झाली आहे, परंतु मंडळाचे केंद्र व ओढ्याचा उगम यांत डोंगराचे अंतर असते आणि घाटात तेवढ्या अंतरात पावसाचे मान पार बदलते. सरळ बाजूंचा, सपाट बुडाचा एक डबा मोकळ्या जागी उंचवट्यावर घट्ट बसवून, रोज सकाळी ठराविक वेळी त्यातील पाणी मोजपट्टीने मोजले तरी गावापुरता अंदाज येतो. हे काम शाळेने घ्यावे.

आश्विन-कार्तिकातील फेरी

दसरा झाल्यावर रानाची वाट पुन्हा उघडते. सोनकी व तेरडा माळावर अजून फुललेला असतो. सात-आठ वर्षांतून एकदा कारवीचेही रान फुलते. गवत कमरेएवढे वाढलेले असल्यामुळे पाऊल पाहून टाकावे, हाती काठी असावी व पुढच्याने ती आपटीत चालावे. नाग, घोणस, मण्यार व फुरसे हे चारही विषारी साप या भागात आहेत. दंश झाल्यास जखम कापू नये, आवळून बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये; त्या माणसास न चालविता उचलून प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे, प्रतिसर्पविषाची लस हाच उपाय आहे.

वनराई बंधाऱ्याची जागा ठरविण्याची हीच वेळ. पाऊस संपलेला असतो, पूर ओसरलेला असतो व झऱ्यांचे पाणी जोरात असते. जागा निवडताना दोन्ही काठ घट्ट असावेत व पात्र अरुंद असावे, हे सर्वांस ठाऊक असते. पात्राचा उतार मात्र कोणी पाहत नाही आणि साठा त्यावरच अवलंबून असतो. समजा, बंधारा एक मीटर उंचीचा व पात्र सहा मीटर रुंदीचे आहे. पात्र पन्नास मीटरांत एक मीटर चढत असेल तर पाणी मागे पन्नास मीटर पसरेल व सुमारे दीड लाख लिटर साठेल. तेच पात्र दहा मीटरांत एक मीटर चढत असेल तर साठा अवघा तीस हजार लिटरांचा होईल. गोण्या तेवढ्याच, श्रम तेवढेच, पाणी पाचव्या हिश्शाने. गवंडी वापरतो ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन हा उतार कोणासही मोजता येतो. रस्त्यालगतची जागा व उपयोगाची जागा या दोन निराळ्या असू शकतात.

सिमेंटच्या रिकाम्या गोण्या वाळूमातीने भरून, तोंडे शिवून, विटांच्या बांधकामाप्रमाणे सांधे चुकवीत रचाव्यात. गोण्या भरण्यासाठी माती त्याच काठाची खणू नये. असे करणारी गावे आहेत आणि पुढील पुरात तोच काठ जातो. मधोमध पाणी वाहून जाण्यास खोलगट जागा ठेवावी व पुढील वर्षी पावसाळ्यापूर्वी गोण्या काढून घ्याव्यात.

परतताना वरच्या ओहळांकडे लक्ष द्यावे. जेथे पाणी अजून गढूळ येते तेथे वर माती सुटली आहे. तो ओहळ तसाच ठेवून खाली बंधारा बांधणे म्हणजे गाळासाठी टाके बांधणे होय. आधी माथ्याकडे अनगड दगडांचे लहान लहान बांध, मग मधल्या वरकस जमिनीत ताली व चर, आणि शेवटी पात्रातील काम, असा क्रम ठेवावा. वनजमिनीवरील कामास वनखात्याची, अथवा २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये सामूहिक हक्क मिळालेला असल्यास ग्रामसभेच्या समितीची, संमती आवश्यक आहे.

माघातील फेरी

चारही फेऱ्यांत हीच फेरी सर्वांत कंटाळवाणी वाटते व हीच सर्वांत अधिक टाळली जाते. पाहण्यासारखे विशेष काही नसते. पानगळ सुरू झालेली असते, वाटेवर पाला वाजतो, पात्रातून बोटभर धार वाहत असते. या धारेचेच मोजमाप करावयाचे असते.

पाणी एका ठिकाणी गोळा होईल अशी जागा पाहून चिखलाची लहान पाळ घालावी व त्यातून चिरलेल्या बांबूची पन्हळ अथवा नळी काढून सर्व पाणी तीतून पडेल असे करावे. पाळ भरून धार स्थिर होईपर्यंत थांबावे. मग खाली पंधरा लिटरची बादली धरून ती भरण्यास लागणारे सेकंद मोजावेत. तीन वेळा मोजून सरासरी घ्यावी. बादली पंधरा सेकंदांत भरली तर ओढा सेकंदास एक लिटर, म्हणजे दिवसास ८६,४०० लिटर पाणी देत आहे.

हा आकडा मोठा दिसतो व तेथेच फसगत होते. चारशे वस्तीच्या वाडीस माणशी ५५ लिटर धरल्यास दिवसास २२,००० लिटर लागतात. दोनशे मोठी जनावरे प्रत्येकी पन्नास लिटर पितात असे धरले तर आणखी १०,००० लिटर. एक तृतीयांश, म्हणजे २८,८०० लिटर, पाणी ओढ्यातच राहू द्यावे. खालच्या वाडीचा व रानातील जनावरांचा त्यावर हक्क आहे, आणि शेकरू, सांबर, बिबट्या पाण्यासाठी वस्तीत येऊ नयेत हेही गावाच्याच हिताचे आहे. उरले २५,६०० लिटर. पंधरा दिवसांनी एक पाळी द्यावयाची तर पंधरा दिवसांत साठतात ३,८४,००० लिटर. एका हेक्टरास सहा सेंटिमीटरांची एक पाळी देण्यास सहा लाख लिटर पाणी लागते. म्हणजे साऱ्या गावास मिळून सुमारे दीड एकर भिजेल. कच्च्या पाटातील गळती वजा केल्यास एक एकर.

एक एकर. या पाण्यावर उन्हाळी भुईमुगाचे बेत करणाऱ्या गावाने हा आकडा पेरणीपूर्वी पाहिलेला बरा. प्रत्येक घरास दोन-अडीच गुंठे भाजीपाला, तोही ठिबकावर, इतपत वाटणी एखाद्या लहान वाडीत बसू शकेल. याउलट काठावरील एका शेतकऱ्याने सेकंदास आठ लिटर उपसणारा पंप लावला तर वर सांगितलेला दीड लाख लिटरचा साठा सव्वापाच तासांत संपतो, व ओढ्यास तो पुन्हा भरण्यास पावणेदोन दिवस लागतात. तंटे येथूनच सुरू होतात. पंप बंद करा, असे नुसते सांगून तो शेतकरी ऐकत नाही, आणि त्यास एकट्यास दोष देण्यातही अर्थ नाही. त्याने आपली विहीर, आपला पंप कर्ज काढून केलेला असतो. परंतु बादली त्याच्यादेखत भरली असेल, सेकंद त्यानेच मोजले असतील, तर बोलणे निराळ्या पातळीवर होते. कोणत्या दिवशी किती तास पंप चालावा हे ठरविण्यास तोच पुढे आल्याची उदाहरणे पाणी वाटून घेणाऱ्या गावांत मिळतात. पुरंदर तालुक्यात नायगाव येथे १९७४ पासून विलासराव साळुंखे यांनी चालविलेल्या पाणी पंचायतीत पाण्याची वाटणी जमिनीवर नव्हे, तर कुटुंबातील माणसांच्या संख्येवर केली जात असे व उसास त्या पाण्यातून पाणी नव्हते.

माघातील फेरीहून परतताना धारेवरील गवताची पाहणी करून जाळरेषेची जागाही ठरवून घ्यावी. बाळहिरडा गोळा करण्याचे दिवस पुढे असतात व वणव्याचेही तेच दिवस असतात. वणव्यात पातेरा जळाला की पावसाचे पाणी उतारावर थांबत नाही. हिरड्याचे नुकसान त्या वर्षी दिसते, झऱ्याचे पुढच्या वर्षी.

बादलीचे मोजमाप एकदाच करून वही मिटू नये. त्याच जागी, त्याच पन्हळीतून, दर पंधरा दिवसांनी ते करावे व आकडा शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीवर खडूने लिहावा. माघात पंधरा सेकंदांत भरणारी बादली शिमग्यास वीस सेकंद घेऊ लागली, तर दिवसाचे पाणी ८६,४०० वरून ६४,८०० लिटरांवर आले. माणसे व गुरे यांचे ३२,००० आणि ओढ्याचे २१,६०० वजा केले असता शेतीस ११,२०० लिटर उरतात. त्या दिवसापासून कोणत्या वाफ्यास पाणी द्यावयाचे व कोणते वाफे सोडून द्यावयाचे, हे त्याच संध्याकाळी भिंतीसमोर बसून ठरवावे लागेल.